ताटात तेल कुठे आहे?

सुहासने काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, वर दोन बोटं गोडं तेल ओतलं, एक कॅप्सूल उघडली आणि तिच्यातली पांढुरकी पूड वरून भुरभुरवली. चमच्याने जरा ढवळलं. बघता बघता पुडीने तेल धरलं, त्याचे गिळगिळीत गोळे झाले आणि ते पाण्यात तरंगायला लागले. आमच्या वाडीच्या व्यायाम मंडळाच्या खोलीत बसलेल्या कबड्डीच्या पोरी आणि त्यांच्या आया माना पुढे काढून बघत होत्या.

"आगो, तेल सांडल्यावर आपण कोंडा टाकतो, तसंच झालं की ह्ये!" रखमा म्हणाली.

सुहासचा चेहरा उजळला. "अगदी बरोबर बोललात, काकी. पोटात पण हेच होतं. खाल्लेलं तेल, तूप, चरबी, सगळं ही पूड धरून ठेवते आणि बाहेर काढते. अंगाला काही लागतच नाही."

दुसऱ्या कुठल्या गावात हा खेळ जादूचा वाटला असता आणि दोघा-तिघांनी तरी भुवया उंचावल्या असत्या. आमच्याकडे घराघरात चुलीजवळ भाताच्या कोंड्याचा डबा असतो. तेल सांडलं की पहिला हात त्या डब्यात जातो. त्यामुळे सगळ्यांना ही ओळखीची गोष्ट वाटली, आणि ओळखीच्या गोष्टीला कोणी प्रश्न विचारत नाही. त्या संध्याकाळी सुहासच्या पिशवीतले बरेच डबे संपले. एक रखमाने घेतला, आपल्या अक्षदासाठी.

सुहास वाईट माणूस नाही. पोलादपूरला एका कार्यालयात कारकून आहे आणि सुटल्यावर रोज आमच्या चढावर मोटारसायकल घालून पोरींना कबड्डी शिकवायला येतो, तेही फुकट. एका कंपनीचे ते डबे तो विकायचा, पण त्यांवर त्याचा मनापासून विश्वास होता. तो स्वतः ती कॅप्सूल घ्यायचा, आईलाही द्यायचा. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हा तो माझ्या वर्गात होता. पुढे अक्षदाही होती. दोघांत एक गोष्ट सारखी: सांगितलेलं पटकन पटायचं.

अक्षदा रखमाची थोरली. वडील मुंबईला, ही महाडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला. अंगाने थोराड, मांड्या घाटात वाढलेल्या. चढाईला निघाली की समोरचे सातही खेळाडू आपोआप एक पाऊल मागे जातात. सुहास म्हणायचा, ही पोरगी जिल्ह्याच्या संघात गेलीच पाहिजे. मुलींच्या कुमारी गटाची निवड चाचणी महाडला व्हायची होती आणि त्या गटात वजन पासष्ट किलोच्या आत लागतं. अक्षदा त्याच्या थोडीशी वर होती. तेवढ्यासाठी तो डबा.

मी तेव्हा काही बोलले नाही. भर सभेत एखाद्याला खोटं पाडलं की तो आपलं म्हणणं आणखी घट्ट धरून बसतो, हे मुलांना शिकवताना मी पुष्कळदा पाहिलंय. म्हटलं, वेळ येईल.

ती वेळ एका रविवारी आली. रविवारी दुपारी माझ्या पडवीत वाडीतली मुलं जमतात. अभ्यास म्हणावा तर अभ्यास, नाहीतर नुसत्या गप्पा. चंदूने आणलेली कुठलीशी बी फोडून आत काय आहे ते आम्ही बघत होतो, तेवढ्यात अक्षदा येऊन पायरीवर बसली. तिचा धाकटा भाऊ ओम आधीपासून आत होताच.

"बाई, ताईचं वजन वाढलं," ओमने जाहीर केलं.

"गप रे!"

"गिरणीवाल्याने काट्यावर घेतलं ना तिला. म्हणाला, पोरगी मोजायची की पोतं?"

सगळी पोरं हसली. अक्षदानेही हसायचा प्रयत्न केला, पण तिचे डोळे भरून आले.

"किती वाढलं?" मी विचारलं.

"दीड-दोन किलो. गोळ्या चालू झाल्यापासून." ती नखाने पायरी खरवडत होती. "सर म्हणतात, सुरुवातीला असं होतं. आता दोन-दोन घे म्हणालेत. माझं पोट नुसतं गच्च होतं, बाई. पळताना कळ येते. सर म्हणतात, म्हणजे गुण येतोय."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला काय कळतंय? सगळ्यांच्या समोर ग्लासात दाखवलं की त्यांनी. खोटं कसं असेल?"

"खोटं नाहीच ते," मी म्हटलं. "मी पण पाहिलं. ती पूड तेल धरते."

अक्षदाने चमकून वर पाहिलं. मी गोळ्यांना नावं ठेवीन अशी तिची अपेक्षा असावी.

"मग वजन का उतरत नाय?" ओमने विचारलं.

"हा चांगला प्रश्न आहे. पूड तेल धरते, हे पाहिलं. आता मला सांगा, धरण्याजोगं तेल तिला मिळतं कुठे? अक्षदा खाते त्यात तेल किती असतं?"

कोणालाच माहीत नव्हतं. अक्षदालाही नाही. मग ते शोधायचं ठरलं.

निशा माझ्याकडे येणाऱ्या मुलांत सगळ्यात शांत. तिला आठवलं, शाळेत कागदावर शेंगदाणा घासून बघितला होता. तेलकट पदार्थ कागदावर घासला की कागद त्या जागी पारदर्शक होतो, उजेडात धरला की डाग चमकतो. पाण्याचाही डाग पडतो, पण तो वाळला की जातो. तेलाचा राहतो. एवढी एकच परीक्षा, पण पोरांच्या हातात देण्यासारखी.

"जा, तिच्या घरी जे जे शिजतं ते थोडं थोडं घेऊन या," मी सांगितलं.

ओम आणि चंदू धावत गेले. थोड्या वेळाने रखमा त्यांच्या पाठोपाठ आली, पदर खोचलेला, हाताला पीठ.

"बाई, ही पोरं माझ्या चुलीवरचा टोप उघडून बसली! म्हणतायत तुझ्या भाकरीची परीक्षा हाय. माझ्या भाकरीला काय झालं?"

"भाकरीला काही झालेलं नाही. बस. तू पण बघ."

पडवीत ऊन येत होतं तिथे आम्ही वहीचे कोरे कागद मांडले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडेला खडे ठेवले. आधी एकावर तेलाचा थेंब, एकावर पाण्याचा, म्हणजे दोन्ही डाग कसे दिसतात ते कळावं. मग एकेका कागदावर तांदळाची भाकरी, भात, वालाची आमटी, कुळथाचं पिठलं, भाजलेलं सुकट. चंदूने आपणहून खोबऱ्याचा तुकडा आणला. ओमने प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात काय आहे ते लिहिलं. 'सुकट'च्या पुढे त्याने एक मासाही काढला.

ऊन कडक होतं. आम्ही गप्पा मारत बसलो. अक्षदा कागदांकडे बघत होती, निकालाच्या दिवशी फळ्याकडे बघावं तशी.

कागद वाळले. निशाने एकेक उचलून सूर्याकडे धरला. पाण्याचा डाग नाहीसा झाला होता, तेलाचा झगझगत होता. खोबऱ्याचाही छान चमकत होता. भाकरीचा कागद कोरा. भाताचा कोरा. आमटीच्या कागदावर फोडणीचे तीन-चार ठिपके, पिठल्याच्याही तसेच. सुकटाचा डाग दिसला न दिसला.

"एवढंच?" अक्षदा म्हणाली.

"आणि काय असणार?" रखमा फणकारली. "तेलाची पिशवी आणली की ती पुरवून पुरवून वापरते मी. फोडणीला चमच्याने तेल, तेपण अर्ध्या चमच्याने. माझ्या घरात तेलाची धार कुणी बघितली हाय का?"

"मग ताई, तुझी गोळी काय धरते?" ओमने विचारलं. "ठिपके?"

पोरं खो-खो हसली. या वेळी अक्षदाही मनापासून हसली, आणि मग हसता हसता थांबली.

"पण मग मी जाड कशाने होते?"

"आधी एक गोष्ट समजून घे," मी म्हटलं. "कागदावर डाग नाही म्हणजे भाताने वजन वाढत नाही असं नाही. गरजेपेक्षा जास्त भात खाल्ला तर शरीर त्याचीही चरबी करून ठेवतं. पण ती पूड भाताला हात लावत नाही, ती तेलाच्या मागे लागणारी. म्हणजे जे तू पोटभर खातेस त्यावर तिचं काही चालत नाही, आणि जिच्यावर चालतं ती गोष्ट तुझ्या ताटात जवळजवळ नाहीच. आता सांग, गोळ्या सुरू झाल्यापासून खाण्यात काय बदललं?"

"काही नाही."

"नक्की?"

"हाय ना!" ओम उडालाच. "ताई रोज स्टँडवर वडापाव खाते! मला एकदापण आणत नाय!"

अक्षदाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चंदूच्या मागे सरकला.

"रोज?" रखमाने विचारलं.

"महाडहून येते तेव्हा भूक लागते, आये. पोलादपूरला गाडी बदलायला थांबावं लागतं." तिचा आवाज बारीक झाला. "आधी नव्हते खात. वजनाची भीती वाटायची. सर म्हणाले, गोळी घेतलीस की काय पण खा, ती अडवते. म्हणून मग... कधी दोन."

मग रखमा हळूच म्हणाली, "म्हणजे आपण कोंडा आणला, आणि तो हाय म्हणून तेल सांडायला लागलो."

दुसऱ्या दिवशी अक्षदाने संध्याकाळी स्टँडवरून एक वडा कागदात बांधून आणला, खाण्यासाठी नव्हे. आम्हाला वेगळा डाग काढायची गरजच पडली नाही. बांधलेला कागद येईपर्यंत आरपार दिसायला लागला होता, त्यातून ओमला आपलं बोट दिसत होतं.

"पण बाई," निशा विचार करत म्हणाली, "आता तेल आहे ना? मग गोळी या वड्याचं तेल तरी धरेल?"

"करून बघ."

तिने वडा वाटीत कुस्करला, त्यावर एक कॅप्सूल उघडून पूड टाकली, पाणी घातलं, खूप वेळ कालवलं आणि त्यातला लगदा कागदावर घासला. वाळल्यावर डाग होता तेवढाच होता.

"कुठं गेली पूड?" चंदू वाटीत वाकून बघत होता.

"वड्यात हरवली," ओम म्हणाला.

"निशा, तुमच्याकडे तेल सांडलं तर कोंडा किती टाकतेस?" मी विचारलं.

"ओंजळ भरून. आई म्हणते, हात आखडू नको, नाहीतर जमीन चिकट राहते."

"आणि यात किती आहे?" मी रिकामी कॅप्सूल तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती बोटांत फिरवली. नखाएवढी. तिला पुढे काही सांगावं लागलं नाही.

मी मुलांना एवढं मात्र बजावलं, की वाटी म्हणजे पोट नव्हे. पोटात काय होतं ते बघायला मोठे प्रयोग लागतात, पुष्कळ माणसांवर केलेले, ज्यात निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी दिलेली असते आणि कोणाला कुठली ते कोणालाच ठाऊक नसतं. तसे प्रयोग झालेत. त्यांत नीट केलेल्या प्रयोगांत फरक पडला तो नाव घेण्याजोगा नव्हता. पण ग्लास जर साक्षीला चालत असेल, तर वाटीलाही बोलू द्यायला हवं.

अक्षदा हे सगळं ऐकत गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. तिचा प्रश्न या प्रयोगाने सुटला नव्हता. चाचणी जवळ आली होती आणि वजन वरच होतं.

"वडे बंद केले मी," ती म्हणाली. "पण एवढ्या दिवसांत पासष्टच्या आत नाही बसणार. आमच्यातल्या काही पोरी वजनाच्या आधी पाणीपण पीत नाहीत. स्वेटर घालून पळतात. मग चढाईला चक्कर येते."

"कुमारी गटातच का खेळायचं?"

"वय बसतं ना. वीसच्या आतलं."

"आणि महिलांचा गट?"

"तो खुला असतो. वजन पंच्याहत्तरपर्यंत चालतं." तिने ओठ चावला. "चाचणी त्याच दिवशी आहे, शेजारच्या मैदानावर. पण तिथे पोलिसातल्या बायका येतात, बाई. बँकेतल्या. वर्षानुवर्षं खेळलेल्या, अशा थोराड."

"आणि तू काय काडी आहेस?"

रखमाने तोंडाला पदर लावला. अक्षदा आईकडे बघून म्हणाली, "हसतेस काय गो आये?" पण तिच्या चेहऱ्यावर मी कित्येक दिवसांत न पाहिलेलं काहीतरी आलं होतं. ती हिशेब करत होती, वजनाचा नव्हे, खेळाचा.

खरी परीक्षा सुहासपुढे होती. चाचणीला कोणाचं नाव कुठल्या गटात पाठवायचं ते तोच ठरवायचा. त्याने मनात आणलं तर एकही नाव जाणार नव्हतं.

पुढच्या सरावाला मी मैदानाच्या कडेला जाऊन बसले. मी बोलायचं नाही असं ठरलं होतं. अक्षदानेच तशी अट घातली होती. तिने आदल्या दिवशी सगळ्या पोरींना आपापल्या घरचं जेवण कागदावर घासून आणायला सांगितलं होतं. पोरी कागद घेऊन उभ्या राहिल्या, सुहासने मोटारसायकल लावली आणि शिट्टी तोंडात धरून तो बघतच राहिला.

"हे काय? पेपर आहे का आज?"

"सर, उजेडात धरून बघा," अक्षदा म्हणाली. "ही माझी भाकरी. हे हिचं पिठलं. हा भात. आणि हा वडा, गोळी घालून."

सुहासने कागद पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमचं काम आहे हे. माझ्या टीममध्ये कागद वाटताय?"

मी नुसती हसले.

"मी सगळ्यांसमोर ग्लासात दाखवलं होतं," तो अक्षदाला म्हणाला. "डोळ्यांनी बघितलंस ना? तेल धरलं की नाही?"

"धरलं, सर. पण ग्लासात तेल तुम्ही ओतलं होतं. माझ्या ताटात कोण ओततं?"

एखादी पकड इतकी अचानक बसते की चढाई करणाऱ्याला आपण खाली कधी आलो ते कळत नाही. सुहासचं तसं झालं. मग त्याने पोटावरून हात फिरवला.

"आणि माझं पोट उतरलं ते? ते कशाने?"

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. मागून एकीने हळूच म्हटलं, "सर, तुम्ही त्याच महिन्यापासून आमच्याबरोबर घाटात पळायला लागलात."

"आणि रात्रीची बिर्याणी बंद केलीत," दुसरी म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत, कंपनीच्या मीटिंगमध्ये शिकवलं म्हणून."

मैदानावर हशा उसळला. सुहास लाल झाला. त्याने खिशातून डबा काढला, त्यावरचं बारीक छापलेलं वाचायला लागला आणि वाचता वाचता थांबला. "संतुलित आहार आणि नियमित व्यायामासोबत घ्यावे," तो स्वतःशीच पुटपुटला. हे त्याने आधी वाचलं नसेल असं नाही, पण वाचलेलं दरवेळी दिसतंच असं नाही.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला, आवाज चढवून, कारण पोरींसमोर एवढं तरी हवं होतं. "गोळी राहू दे. पण वजन? कुमारी गटात तुझी जागा पक्की होती अक्षदा, मी वर बोललो होतो. काट्यावर बसली नाहीस तर घरी."

"माझं नाव महिला गटात द्या."

"वेडी आहेस का? तिथे तुला उचलून फेकतील."

"फेकू देत. पण मी जेवून खेळेन, सर. इथं मला पळताना पोटात कळ येते. अशी खेळले तर कुमारी गटातपण घरीच जायचंय."

सुहासने डबा खिशात टाकला. तो तिचा प्रशिक्षक होता. गेले काही दिवस तिची चढाई मंद झालेली त्याला दिसत नव्हती असं कसं म्हणू?

"देतो," तो म्हणाला. "पहिल्याच चढाईत बाहेर आलीस तर माझ्याकडे बघू नकोस. आणि आता सगळ्या घाट पळा. हसताय काय? पळा!"

पोरी पळाल्या. तो माझ्याजवळ येऊन बसला. "आईला पण देतोय मी ही गोळी," तो खालमानेने म्हणाला. "तिचे गुडघे दुखतात म्हणून, वजन उतरेल म्हणून."

"आईला आधी डॉक्टरांकडे ने. मग संध्याकाळी तिला हाताला धरून थोडं चालव. तू धरलंस तर ती चालेल."

त्याने मान हलवली. उरलेले डबे त्याने कंपनीला परत पाठवले. त्यावरून त्याला ग्रुपमधून काढून टाकलं, असं त्याने नंतर सांगितलं, जरा अभिमानानेच.

चाचणीच्या दिवशी आम्ही जीप करून महाडला गेलो. रखमा, मी आणि हट्ट करून आलेली तिन्ही पोरं. अक्षदा सकाळी भाकरी आणि पिठलं खाऊन निघाली होती. कुमारी गटाच्या काट्यासमोर ओळ होती. काही पोरी स्वेटरमध्ये घामाघूम होऊन उड्या मारत होत्या, एक भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. अक्षदाने तिकडे एकदा पाहिलं आणि ती पलीकडच्या मैदानाकडे चालू लागली.

निवड करणाऱ्यांनी आलेल्या खेळाडूंचे दोन संघ पाडले. समोरच्या डाव्या कोपऱ्यात नाते गावची वैशाली होती. पोलिसात आहे, हातांचा विळखा असा की सुहासनेही तिचं नाव काढताना आवाज खाली घेतला. पहिल्या चढाईत अक्षदा नुसती फिरून परत आली. दुसऱ्या चढाईत वैशालीने तिला घोट्यात धरून आपटलं.

"गेली," ओम म्हणाला. मी त्याचा हात धरला. सुहास कडेला उभा होता, शिट्टीचा दोरा बोटाला गुंडाळत.

थोड्या वेळाने ती परत आत आली. तिसऱ्या चढाईला ती सरळ डाव्या कोपऱ्याकडेच गेली. लांबून तिचा 'कबड्डी कबड्डी' ऐकू येत होता, एकसुरी, न तुटणारा. तिने पाय टाकला, वैशालीने झडप घालून तो पाय धरला, मागून आणखी एकीने कमरेला मिठी मारली. बारीक पोरगी असती तर तिथेच संपली असती. अक्षदा खाली वाकली, पूर्ण अंग पुढे झोकलं आणि दोघींना ओढत निघाली. मातीत दोन चर उमटले. मध्यरेषा हातभर राहिली होती, मग वीतभर. रखमा उभी राहून "ओढ गो, ओढ!" म्हणून किंचाळत होती. अक्षदाची बोटं रेषेवर पडली तेव्हा दम अजून चालू होता.

वैशाली उठली, कपडे झटकले आणि तिच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली. "कुठली गो तू? काय खातेस?"

"भाकरी," अक्षदा धापा टाकत म्हणाली.

त्यानंतरही ती दोनदा बाद झाली, पण प्रत्येक वेळी आत आल्यावर गुण घेऊन आली. दुपारी नावं वाचली. वैशालीचं पहिलं होतं. अक्षदाचं बरंच खाली, राखीव खेळाडूंत. पण होतं. जिल्ह्याच्या महिला संघात ती वयाने सर्वांत लहान ठरली. सुहास पळत आला आणि हात जोडून माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "मला कशाला रे? खेळली ती."

शिबिरासाठी माहिती घ्यायला टेबलापाशी एक गृहस्थ बसले होते. मान खाली घालून ते एकेकीला विचारत होते. पुढच्या दोघींनी आपलं वजन जवळजवळ कानात सांगितलं.

"नाव? गाव?" त्यांनी विचारलं. अक्षदाने सांगितलं.

"वजन?"

मातीने माखलेली ती पोर कमरेवर हात ठेवून ताठ उभी राहिली.

"सदुसष्ट," ती म्हणाली, पलीकडच्या मैदानावर ऐकू जाईल एवढ्याने.